सात आळ्यांचा एक चौधरी

सोनवती नगरीच्या तिजोरीचा तळ दिसू लागला, तेव्हा राजा अजितसेनाला काटकसर सुचली. राजवाड्यात काटकसर करण्याजोगं काहीच सापडलं नाही, म्हणून त्याने नगराकडे नजर वळवली. नगरात सात आळ्या होत्या आणि प्रत्येक आळीला आपापला चौधरी होता. आळीतले तंटे त्याने आळीतच मिटवायचे आणि दसऱ्याला राजाकडून एक पागोटं घ्यायचं. बाकी त्याला दरबारातून छदामही मिळत नसे. सात पागोटी म्हणजे शुद्ध उधळपट्टी, असं राजाचं मत पडलं. त्याने सातही चौधरी काढले आणि सगळ्या नगराला मिळून एक महाचौधरी नेमला. हे दिवाणजींचे मेहुणे अंतोबा. त्यांना पगार, पालखी, पालखीला भोई आणि डोक्यावर छत्री धरायला एक माणूस दिला. पागोटं मात्र एकच दिलं. काटकसर ती काटकसर.

अंतोबा राजवाड्याच्या देवडीवर बसत आणि नगरात तंटे नाहीत असं रोज कळवत. ते खोटं बोलत नव्हते. आळ्यांकडे ते कधी फिरकलेच नव्हते, तेव्हा त्यांना तंटा दिसणार कुठून? इकडे आळ्यांत नुसता शिमगा चालला होता. बुरूड आळीत दोन शेजारी एकमेकांवर कोयते घेऊन धावले, तेव्हा जुना चौधरी लखू याला राहवलं नाही. तो मध्ये पडला आणि त्याने भांडण मिटवलं. काढलेल्या चौधऱ्याने तंट्यात पडायचं नाही, हा हुकूम मोडला म्हणून शिपायांनी त्यालाच धरून नेलं. उद्या सूर्य मावळला की याला वेशीबाहेर घालवा, पुन्हा आत घेऊ नका, असं राजाने फर्मावलं.

लखूची मुलगी सगुणी. आईविना वाढलेली, बापाशिवाय तिला जगात कोणी नव्हतं. तिला रडू फुटत होतं, पण रडून हुकूम फिरत नाही हे तिला ठाऊक होतं. ती विणता विणता सूप टाकून तशीच दरबारात गेली आणि म्हणाली, की सात आळ्यांचं काम एका माणसाला झेपायचं नाही.

राजा हट्टी होता. "उद्या सूर्य मावळायच्या आत तसं दाखवून दे," तो म्हणाला. "पण कोणी काम अडवायचं नाही, कोणी निकाल नाकारायचा नाही, आणि माझ्या हुकुमाविरुद्ध कोणी ब्र काढायचा नाही. जमलं नाही, तर बापाबरोबर तूही चालती हो."

"दाखवते," सगुणी म्हणाली. "फक्त उद्या महाचौधरीच्या जागी महाराजांनी स्वतः बसावं आणि तंटे रीतीप्रमाणे मिटवावेत. अंतोबा बसले आणि जमलं नाही, तर त्यांची तब्येत बरी नव्हती म्हणतील."

दिवाणजींनी खाली पाहिलं. राजाने लगेच होकार दिला. रीत कोणती, हे त्याने विचारलं नाही. राजेलोक असं काही विचारत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा कासार आळीच्या चावडीवर बसला. एकाची शेळी शेजारणीच्या वाळवणातले सांडगे खाऊन गेली होती. शेळीवाल्याने आठवडाभर शेजारणीला दूध द्यावं, असा राजाने चुटकीसरशी निकाल दिला. निकाल चोख होता. दोघांनी मान डोलावली आणि ते हात जोडून तिथेच उभे राहिले.

"आता काय?" राजाने विचारलं.

"आता जेवायला चलायचं, महाराज," शेळीवाला म्हणाला. "आधी माझ्याकडं, मग काकूंकडं."

सगुणीने रीत सांगितली. निकाल देणाऱ्याने दोन्ही घरी पोटभर जेवायचं. एकाच घरी जेवला, तर तो त्या घरचा झाला. कुठेच जेवला नाही, तर निकाल लागलाच नाही. आणि पानात टाकलं, तर तो त्या घरचा अपमान, म्हणजे नवा तंटा.

राजाला भूक लागलेलीच होती. शेळीवाल्याकडे पिठलं-भाकरी झाली, काकूंकडे पुरणपोळीवर तुपाची धार पडली. राजा खुशीत तेली आळीत गेला. तिथे बैलाचा तंटा होता. कासारांनी काय वाढलं ही बातमी तेल्यांकडे राजाच्या आधी पोचली होती, त्यामुळे तिथे कोणी हात आखडता घेतला नाही. कुंभार आळीत राजाने कमरबंद सैल केला. सुतार आळीत दुसऱ्या घरची आजी म्हणाली, "तिच्याकडं तीन लाडू खाल्ले म्हणं. माझ्यात काय कमी हाय?" राजाने चार खाल्ले.

त्यानंतर राजाच्या न्यायदानात फरक पडला. तो उगाचच साक्षीदार मागवू लागला, साक्षी दोनदोनदा ऐकू लागला. पण कधी ना कधी निकाल द्यावाच लागे, आणि दारात पाट मांडलेला दिसे. त्याने अंतोबांना बोलावणं पाठवलं. अंतोबा निघाले खरे, पण वाटेत त्यांना रीत समजली आणि ते पालखी वळवून परगावी गेले.

पाचव्या, बुरूड आळीत बांबूंवरून भांडणारे दोघे भाऊ समोर आले, तेव्हा राजाच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाबांनो, भांडू नका रे," तो म्हणाला. मग सगुणीकडे वळून त्याने विचारलं, "माझा एखादा निकाल चुकला का?"

"एकही नाही, महाराज. सात आळ्यांचा न्याय एका डोक्यात मावतो. एका पोटात मावत नाही."

राजा हसत सुटला. हसताना पोट दुखत होतं, म्हणून दोन्ही हातांनी धरून हसला. सातही चौधरी पुन्हा नेमा आणि ती पालखी विकून टाका, असं त्याने तिथेच सांगितलं आणि सगुणीला गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून दिला.

सगुणीने कंठा घेतला, पण ती हलली नाही. "बाकीचे तंटे चौधरी बघतील, पण एक राहिला, महाराज. लखू बुरूड आणि आपला. त्यात आपणच वादी, तेव्हा निकाल दुसऱ्यानं द्यायला हवा."

"मग तूच दे."

"माझ्या बापानं हुकूम मोडला, ही त्याची चूक. त्याला तो मोडावा लागला, ही आपली. दोघांनी एकमेकांना माफ करावं."

राजाने मान डोलावली. लखूला सोडवून आणलं. तेव्हा सगुणी हात धुऊन म्हणाली, "आता मला दोन्ही घरी जेवायला हवं. आधी आपल्याकडं."

त्या संध्याकाळी राजवाड्यात बापलेकीसाठी पंचपक्वान्नांची ताटं मांडली. राजा समोर बसून ओव्याचं पाणी पीत होता आणि आग्रह करत होता.