गोजराबाईची थंड भट्टी

तुमच्या पणज्या पाळण्यात होत्या, त्याच्याही आधीची ही गोष्ट. हसू नका, पणज्याही कधीतरी पाळण्यात असतातच. तेव्हा तांबखडीच्या माळावर गोजराबाई चुनखडी भाजायची. भट्टीनं तिच्या पापण्यांचे केस खाल्ले होते. पण माणसाच्या आतली आग तिला दिसायची, असं म्हणतात.

आणि तांबखडीत आगीला काय तोटा! जेवणावळीत जो जास्त ठेचा खाईल तो मर्द, आणि ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं तो हरला. सगळे गडी एका हातानं पोट धरायचे, दुसऱ्यानं मिशी पिळायचे.

दुखणेकऱ्याच्या पोटाला गोजराबाई कान लावायची. आतलं आंबट पाणी कुठं ठिबकतंय, कुठं जखम करतंय, तिला ऐकू यायचं. मग ती चुन्याची निवळी द्यायची. चुना भिजवून खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी चमचाभर, दुधात घालून घ्यायचं, अनशापोटी, एक्केचाळीस सकाळी. माणूस बरा झाला की त्या दिवशी भट्टी लाकडावाचून भडकायची, असं म्हणतात.

ठेचा खाण्यात पहिला नंबर रायाजीचा. एकदा त्याला काळी उलटी झाली. बायको साळू भर दुपारी त्याला बैलगाडीत घालून माळावर घेऊन आली. गोजराबाईनं कान लावला आणि झटकन काढला. कानाच्या पाळीला फोड आला होता.

"भोक पडायला कांद्याच्या पापुद्र्याएवढं राह्यलंय, रायाजी," ती म्हणाली. "दुखायचं थांबलं तरी निवळी थांबवायची नाही."

"आणि ठेचा?"

"तो तुझ्या वैऱ्याला वाढ."

नवव्या दिवशी दुखणं गेलं. दहाव्या दिवसापासून रायाजीनं निवळीचं दूध गुपचूप मांजराला पाजलं. पंधराव्या दिवशी गावजेवण. पंगतीत सगळ्यांनी त्याला घेरलं, रायाजी दूधभातावर आला, आता त्याला अंगडं-टोपडं शिवा म्हणाले. रायाजीनं तीन मुठी ठेचा खाल्ला. डोळे कोरडे. लोक वाहवा करेपर्यंत त्याच्या तोंडातून धूर आला. पोटभर जेवलेली माणसं कशाला खोटं बोलतील?

साळू धावत माळावर गेली. गोजराबाई आली, पण रागावली नाही. तिनं रायाजीच्या बेंबीला ओठ लावले आणि चिलमीसारखा एक लांब झुरका ओढला. रायाजीचं अंग निवलं, श्वास सुरळीत झाला. गोजराबाईची सावली मात्र तांबडी झाली. ती भट्टीत जाऊन बसली आणि चुनखडी अंगावर ओढून घेतली.

तीन दिवस भट्टी बिनधुराची जळली. चौथ्या दिवशी पाहिलं तर आत ना हाड, ना बांगडी. नुसता पांढरा चुना, हाताला सायीसारखा गार.

रायाजीनं पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजून एक्केचाळीस सकाळी त्याच चुन्याची निवळी घेतली, आणि मुगाच्या वरणावर म्हातारा झाला.

आता निवळी गेली. तालुक्याचा डॉक्टर दुर्बीण घालून जखम बघतो, आम्ल कमी करायची गोळी देतो. तांबखडीची माणसं ती सकाळी भट्टीकडे तोंड करून घेतात. पण एखाद्या दुपारी त्या थंड भट्टीची भिंत आपोआप तापते. मग बाया हातातलं काम टाकून निघतात, दारोदार जातात, प्रत्येक गड्याच्या पोटाला कान लावतात आणि एवढंच विचारतात, "मधेच गोळी कुणी सोडली?"

तो गडी पुढं येऊन सगळ्यांदेखत गोळी गिळेपर्यंत तांबखडीत एकही चूल पेटत नाही.