धुक्यातली दुसरी भेट

फार फार वर्षांपूर्वी, सावलीला काचेवर धरून ठेवायची विद्या माणसाला नुकतीच गवसली होती, तेव्हा एका राज्यात एक छायाकार राहत असे. तीन पायांवर उभी राहणारी लाकडी पेटी आणि तिच्यावर टाकायचं काळं कापड, एवढाच त्याचा संसार. त्याने टिपलेले डोंगर पाहून लोकांना गार वारा लागल्यासारखं वाटे. त्याने टिपलेल्या तळ्याकाठी जाऊन बसावंसं वाटे.

पण त्याचं समाधान होत नव्हतं. आनंद अगदी काठोकाठ भरतो, तो एक क्षण त्याला हवा होता. तसं एकच चित्र निघालं की पेटी मिटायला आपण मोकळे, असं तो म्हणे.

हिंडता हिंडता त्याच्या कानावर आलं, की नदीकाठच्या एका गावातल्या यसाई नावाच्या म्हातारीचा मुलगा सात वर्षांनी परमुलखातून परत यायचा आहे. निरोप आला होता, दिवस मात्र ठरलेला नव्हता. छायाकार तडक तिथे गेला आणि घाटावर पेटी मांडून बसला.

यसाई तर तिथे रोज येतच असे. त्या नदीवर सकाळी इतकं धुकं पडे, की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नसे. त्या पांढऱ्या शांततेत दोघं वाट बघत बसत. ती त्याच्यासाठी भाकरी आणी, मुलाच्या लहानपणच्या गोष्टी सांगे. तुमची भेट मी कायमची राखून ठेवीन, असं त्याने म्हटल्यावर ती लाजली, पण नको म्हणाली नाही.

अकराव्या दिवशी धुक्यातून नाव आली. यसाईचा मल्हारी गुडघाभर पाण्यातच उतरला. ती धावली, ठेचकाळली आणि त्याच्या गळ्यात पडली. छायाकाराचा हात पेटीच्या झाकणावर होता; ते उघडलं की चित्र उमटणार होतं. पण नेमका तेव्हाच ढग आला आणि उजेड मळका झाला. त्याने झाकण उघडलं नाही.

घटकाभराने ऊन पडलं. धुकं आतून उजळल्यासारखं सोनेरी झालं. असा उजेड त्याने जन्मात पाहिला नव्हता. त्याने हात जोडून मायलेकांना विनवलं, की पुन्हा एकदा भेटा. मल्हारी हसून तयार झाला. यसाईचा चेहरा मात्र उतरला.

"आत्ताच तर आलाय तो," ती म्हणाली. "त्याला परत नावेत कशाला बसवता?"

थोडंच लांब जाऊन यायचं आहे, असं छायाकाराने तिला समजावलं. अकरा दिवस आपल्या हातची भाकरी खाल्लेल्या माणसाला नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं. नाव निघाली, पुसट झाली, धुक्यात विरून गेली. सात वर्षांपूर्वी उभी राहिली होती, तशीच यसाई काठावर उभी राहिली. मग नाव परत आली, मल्हारी उतरला, ती धावली आणि छायाकाराने झाकण उघडलं.

ते चित्र दरबारात लागलं, तेव्हा बघणाऱ्यांची गर्दी हटेना. राजाने गळ्यातला कंठा काढून दिला. राजमाता तेवढ्या बराच वेळ चित्रापुढे उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "हा मुलगा कुठे निघालाय?"

"निघाला नाही मासाहेब, आलाय," छायाकार म्हणाला.

"मग आईने त्याचा सदरा असा मुठीत का आवळलाय? आलेल्याला कुणी असं धरत नाही. जाणाऱ्याला धरतात."

छायाकाराने पहिल्यांदाच नीट पाहिलं. उजेड अप्रतिम होता. आणि यसाईचे भेदरलेले डोळे मुलाच्या खांद्यावरून नावेकडे लागले होते.

तो पुन्हा त्या गावी गेला. मल्हारीने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की आई आता आपल्याला नजरेआड होऊ देत नाही. आपण शेतावर गेलो, तरी ती घाटावर जाऊन उभी राहते. छायाकाराने यसाईचे पाय धरले. ती रागावली नाही.

"तो पहिल्यांदा उतरला, तेव्हा माझे डोळे भरून आले होते. मला धड काही दिसलंच नाही," ती म्हणाली. "आता आठवायला जावं, तर ती दुसरीच भेट डोळ्यांपुढे येते. तुम्ही तर समोर उभे होतात. पहिली भेट कशी होती, तेवढं सांगा मला."

नदीवर धुकं तरंगत होतं. छायाकाराला खरं ते सांगावंच लागलं.

"आई, मी ढगाकडे बघत होतो."

यसाई उठली आणि मुलाला हाक मारायला गेली.

छायाकाराने ते चित्र दरबारातून उतरवून घेतलं. पुढेही तो चित्रं टिपत राहिला. कुठे उजेड कमी पडे, कुठे माणूस अर्धा पाठमोरा येई. याचा हात पूर्वीसारखा राहिला नाही, असं लोक म्हणत. पण कुणालाही त्याने पुन्हा तसंच करायला सांगितलं नाही.

लहानांनो आणि थोरांनो, क्षण जसा येतो तसाच तो पुरा असतो. त्याला सुधारायला गेलं, की तो आपलाही होत नाही आणि ज्याचा असतो त्याचाही राहत नाही.