आनसाबाईचं पडवळ आणि कोंडाजीचं बोट

बायांनो, निवांत महाराज तेव्हा कुसुरवाडीत मुक्कामाला होते. लिंबाच्या पारावर बसायचे. कुणी खायला दिलं तर खायचे, नाही दिलं तर हसायचे. त्या श्रावणात त्यांनी पाच दिवसांचा उपास धरला. पारण्याला मोठमोठ्या घरांची बोलावणी आली. ती सारी बाजूला सारून महाराज म्हणाले, "आनसाबाईच्या परसात येऊ. पडवळाची भाजी खाऊ."

आनसाबाईला हसावं की रडावं कळेना! एकटी विधवा बाई. परस चार पावलांचा, न्हाणीचं पाणी पोचेल तेवढीच ओल. एक मांडव, त्यावर एक वेल, आणि वेलाला एकच पडवळ, करंगळीएवढं! सरळ वाढावं म्हणून तिनं त्याच्या टोकाला सुतळीनं खडा बांधला आणि दिवसातून दहादा बघून यायला लागली. पारण्याच्या दिवशी सकाळी बघते तर काय, चांगलं हातभर!

तेवढ्यात कुडापलीकडून कोंडाजी डोकावला. पाच विहिरींचा बागाईतदार. महाराज आपल्याकडं येत नाहीत म्हणून नुसता धुमसत होता. मागं गड्याच्या डोक्यावर दुधी भोपळ्यांची पाटी.

"आनसे, महाराजांना हे वाढणार? ह्यात मुंगीचं तरी पारणं होईल का गं?" असं म्हणून त्यानं पडवळावर सरळ बोट रोखलं.

"अण्णा, बोट मुडपा! कोवळ्या फळाला बोट दाखवू नये, कुजतं हो!"

"कुजू दे की!"

बघता बघता पडवळ पिवळं पडलं, सुरकुतलं आणि खड्यासकट टपकन खाली आलं! आनसाबाईनं ते ओच्यात उचलून घेतलं. पाच दिवसांचे उपाशी महाराज आता येतील, आणि त्यांच्या पानात वाढायचं काय?

इकडं कोंडाजीचं हसू मधेच अडकलं. बोट मिटेना! डाव्या हातानं दाबलं, दातानं ओढलं, ताठ ते ताठच. "अरे, बघ की हे!" म्हणून गड्याकडं वळला, तर पाटीतले भोपळे सुकून लिंबाएवढे झाले!

"अण्णा, माझ्याकडं नको!" पाटी टाकून गडी जो पळाला, तो वेशीबाहेर!

आरडाओरडा ऐकून गाव जमलं. बोट जिकडं वळेल तिकडची माणसं मटकन खाली बसायची. त्या गर्दीतून महाराज आले. "आनसाबाई, भूक लागली गं."

तिनं पायच धरले. "महाराज, तुमचा घास गळून पडला हो!"

"वेल आहे ना?" महाराज म्हणाले आणि कोंडाजीकडं वळले. "हात जोडा."

"बोट आड येतंय, महाराज!"

"मग डोकं टेका. मला नको, त्या वेलाच्या मुळाशी. तिथं ह्या बाईचा जीव गुंतलाय."

जन्मात कुणापुढं न वाकलेला कोंडाजी चिखलात गुडघ्यांवर आला. पागोटं काढलं, कपाळ मातीला लावलं. "आनसाबाई, चुकलो. माफ कर, माउली."

आणि काय सांगू! बोट लोण्यासारखं मऊ होऊन मिटलं. वर मांडवात पांढरं फूल फुटलं, फुलामागून पडवळ सुटलं. हातभर, दोन हात, दहा हात! कोंडाजीच्या पाठीवरून घसरत कुडाबाहेर गेलं, गल्लीला लागलं. बाया विळ्या घेऊन त्याच्यामागं धावत सुटल्या!

"महाराज, आता डोकं वर करू का?" कोंडाजीनं चिखलातूनच विचारलं.

"थांबा हो जरा," महाराज म्हणाले, "अजून वाढतंय!"