पॉलीची उतरणीवरची सवारी

फार पूर्वी, वाफेला अजून मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा, अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात पॉली घोडी रुळांवरचा डबा चढावर ओढायची. परतताना डबा आपसूक घरंगळे आणि पॉली मागच्या फळीवर ऐटीत उभी राहून वारा खाई.

एके दिवशी नवं वाफेचं इंजिन आलं आणि पॉलीला म्हणालं, "आजीबाई, आता तबेल्यात बसा!"

पॉलीने मागच्या फळीकडे पाहिलं. ओढणं गेलं तर गेलं, पण ती सवारी?

इंजिन डबा पुढे ढकलत चढू लागलं, तोच रुळांवर टोळधाड उतरली. चिरडलेल्या टोळांवर चाकं जागीच गरगरली.

"पॉलीताई, वाचवा!"

"डबा सोड," म्हणत पॉलीने तो माथ्यावर नेला आणि फळीवर चढली.

डबा उतारावर सुटला, तसं इंजिन त्याच्यापुढे जीव घेऊन उलटं पळालं.

"अरे, हळू!" पॉली फुरफुरली. "आता आपल्याला रोजच असं खाली यायचंय."