तीन काड्यांची परीक्षा

एक होतं कवठबन. तिथं कवठाचं झाड एकही नव्हतं. नाव बदलायचे तीन ठराव मंजूर झाले होते आणि तिन्ही नावं वेगवेगळी होती, म्हणून जुनंच चालू होतं. तिथली प्रजा होल्यांची. होला म्हणजे कबुतराचा धाकटा भाऊबंद; स्वभावानं गरीब, बोलायला गोड आणि घरटं बांधायला महाआळशी. तीन काड्या आडव्यातिडव्या टाकायच्या, मान तिरकी करून बघायचं, ‘झकास’ म्हणायचं आणि त्यावर अंडी घालायची. वारा सुटला की अंडं खाली. मग सगळे खाली बघून म्हणायचे, “बाहेरच्यांची नजर लागली!”

धनेश महाराज या नजरेच्या जोरावरच निवडून आले होते. धनेशांच्या घराण्याची एक रीत होती. मादी ढोलीत बसली की ढोलीचं तोंड मातीनं लिंपायचं आणि चोचीपुरती फट ठेवायची. फळं तेवढी फटीतून आत येतात. महाराजांनी सगळं राज्यच तसं लिंपलं. दोन टेकड्यांमधल्या खिंडीत भिंत उभी राहिली. पक्षी भिंतीवरून उडून येणार नाहीत का, असं एका पारव्यानं भर सभेत विचारलं होतं. तो पारवा आता भिंतीच्या पलीकडे राहतो.

भिंत झाली तरी अंडी पडतच राहिली. चार वर्षांत पिल्लं इतकी कमी झाली की मोर्चाला माणसं, म्हणजे होले, पुरेनात. तेव्हा मात्र महाराज हादरले. त्यांनी सचिवाला, म्हणजे पिंगळ्याला, बोलावलं.

“सुगरण आणावे लागतील, महाराज,” पिंगळा म्हणाला. “घट्ट विणतात.”

“बाहेरचे कामगार? अरे, मी प्रजेला काय तोंड दाखवू?”

“कामगार म्हणायचंच कशाला? शिकाऊ म्हणू. आपली थोर विणकला शिकायला येतात म्हणू. लोकांची छाती फुगेल.”

“आणि काम?”

“शिकता शिकता होईल ते.”

महाराजांनी त्याच दिवशी भिंतीतल्या एका फटीच्या तीन केल्या. डावी विद्यार्थ्यांची, मधली शिकाऊंची, उजवी कामगारांची. उजव्या फटीत एका कोळ्यानं जाळं केलं होतं. कोळी स्थानिक असल्यामुळे त्याला हटवता येत नव्हतं.

भिंतीबाहेरच्या माळावर पिवळोबा नावाचा सुगरण राहत होता. सुगरण म्हटलं की लोकांना बाई वाटते, पण विणतो तो नर. मादीचं काम परीक्षेचं. अर्धं विणून झालं की ती येते, आत शिरते, चोचीनं चार ठिकाणी ओढून बघते. पटलं तर संसार, नाही तर नर पुन्हा पहिल्या गाठीपासून सुरू. पिवळोबाची भुरकी या बाबतीत फार कडक होती. त्या साली तिनं त्याची पाच घरटी नापास केली.

“विणकाम बरं आहे हो,” ती म्हणाली, “पण ही कसली बाभळ? पार सुकून गेलीय. त्या कवठबनात तळ्यावर ताड आहेत म्हणे. तिथं बांधा, मी येते. पण दोन पावसाळे वाट बघेन. तिसऱ्याला कोण चांगलं विणतोय ते बघेन. आधीच सांगून ठेवते.”

पिवळोबा त्याच दिवशी फटीशी गेला. पलीकडून पिंगळ्यानं विचारलं, “विणता येतं?”

“येतं तर! आमच्या माळावर माझ्यासारखा...”

“हळू बोला!” पिंगळ्यानं इकडेतिकडे पाहिलं. “येतं म्हणालात की कामगार ठरता, आणि कामगारांच्या फटीत जाळं आहे. पुन्हा विचारतो. विणता येतं?”

पिवळोबाला ते फार लागलं. बापाकडून आलेली कला, अंगात भिनलेली. पण ताड डोळ्यांसमोर होते. तो म्हणाला, “नाही येत.”

“शाब्बास. या आत.”

त्याला होलेगुरुजींच्या हाताखाली दिलं. गुरुजी मनानं देवमाणूस. त्यांनी पहिल्या दिवशी तीन काड्या मांडल्या. “ही थोरली, ही मधली, ही धाकटी. टाकायच्या आणि विसरायच्या. झालं घरटं. समजलं?”

“समजलं, गुरुजी.”

“मग आता जरा ते कोपऱ्यातलं तुझ्या पद्धतीनं विण. सराव म्हणून.”

सराव पावणेदोन वर्षं चालला. पिवळोबानं ताडाच्या पात्यांच्या चिंध्या काढून एक्याऐंशी घरटी विणली. कवठबनातली अंडी पडायची थांबली. पिल्लांचा चिवचिवाट झाला, मोर्चे पुन्हा भरले. गुरुजी स्वतः एका घरट्यात राहायला गेले. “आमच्या हिला फार आवडलं हो,” ते डोळे पुसत म्हणाले. “माझा विद्यार्थी!”

भुरकीला आत आणायचं तर मात्र परीक्षा पास व्हायला हवी होती. नियम साधा होता: गुरू बांधतो तसं घरटं बांधून दाखवायचं. पिंगळा वरून अंडं ठेवी. पिवळोबाच्या पहिल्या घरट्यातून अंडं पडलं नाही.

“नापास,” पिंगळा म्हणाला. “दोन वर्षांत काहीच शिकला नाहीत.”

दुसऱ्या खेपेला पिवळोबानं तीनच काड्या घेतल्या, पण चोच सवयीनं गाठ मारून मोकळी झाली. पुन्हा नापास. गुरुजींना त्याच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. त्यांनी त्याला आठ दिवस घरी जेवायला घातलं आणि रोज समजावलं, “बाळा, तू फार मनावर घेतोस. काडी टाकताना दुसरीकडे बघ. जमेल.”

तिसऱ्या खेपेला पिवळोबानं तळ्याकडे बघितलं आणि काड्या टाकल्या. अंडं ठेवताक्षणी खाली गेलं. टाळ्या पडल्या. गुरुजींनी त्याला मिठी मारली. पिवळोबाला तोंड लपवायला जागा सापडेना.

दुसरा पावसाळा संपता संपता भुरकी आत आली. तिच्या परवान्यावर लिहिलं होतं, ‘पतीच्या मंजूर घरट्यात राहण्याच्या अटीवर.’ मंजूर म्हणजे परीक्षेतलं. भुरकीनं त्या तीन काड्यांकडे पाहिलं, एक काडी ओढली आणि तिन्ही तळ्यात पडल्या.

“हे शिकायला आला होतात?”

“वरची बघ ना. ती सगळी मीच विणलीत.”

“मग त्यातलं आपलं कुठलं?”

 त्याच संध्याकाळी, कोणाला न विचारता, पिवळोबानं सगळ्यात उंच ताडावर विणायला घेतलं. गेली दोन वर्षं मनात साठलेलं सगळं त्यात ओतलं. भुरकी आत शिरली. चार ठिकाणी ओढलं, पाचव्या ठिकाणीही ओढलं. बराच वेळ ती बाहेरच आली नाही. आठवड्याभरात आत तीन अंडी होती.

निवडणूक जवळ आली होती. महाराज सभेला उभे राहिले, आणि त्यांनी चोच उंच ताडाकडे रोखली. “बघा! आपल्याकडेच शिकले आणि आपल्याच ताडावर बसले! हे अवैध घरटं मी निवडणुकीआधी पाडणार!” एक्याऐंशी घरट्यांतून होल्यांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या टाळ्या पडल्या, पण एकही घरटं हललं नाही.

गुरुजी तेवढे म्हणाले, “महाराज, पोरगा चांगला आहे हो.” पण टाळ्या चालू होत्या.

दुसऱ्या दिवशी पाडापाडीचं पथक आलं. होलेच ते. त्यांनी घरटं ओढलं, लोंबकळले, चोची मारल्या. एकही गाठ सुटेना. महाराज खाली ताटकळत उभे होते आणि आत भुरकी अंड्यांवर घट्ट बसून होती. तिनं फटीतून पिवळोबाकडे पाहिलं. त्याचा जीव टांगणीला लागला होता.

“याची गाठ यालाच सुटेल,” पथकप्रमुख धापा टाकत म्हणाला.

पिंगळा पिवळोबाकडे वळला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, “उसवता येतं?”

पिवळोबा तोंड उघडणार होता. माळावर तो एका पावसाळ्यात पाच घरटी उसवत असे. पण कवठबनात येऊन तो काही अगदीच फुकट शिकला नव्हता.

“नाही येत,” तो म्हणाला. “पण शिकायची फार इच्छा आहे.”

“शिकाऊ!” पिंगळा महाराजांकडे बघून म्हणाला. “उसवण विभाग. मुदत तीन वर्षं. प्रशिक्षण जागेवरच. सहकुटुंब.”

महाराजांनी जरा विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी शिक्का मारला.

यथावकाश तिन्ही पिल्लं उडाली. महाराज त्या घरट्याच्या जोरावर निवडून आले, आणि त्याच्या पुढच्या खेपेलाही. घरटं पाडण्याचं काम प्रगतिपथावर आहे. पिवळोबाची मुदत वाढवून देताना महाराजांनी स्वतः त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की घाई करू नकोस, अजून दोन निवडणुका काढायच्या आहेत.