शेळीचा होकार

पूर्वी गांधार देशावर एक राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका खेड्यातल्या कासाराच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव सोमिल. खेड्यात वैद्य नव्हता, म्हणून गावकऱ्यांनी या हुशार मुलाला तक्षशिलेला आचार्य भद्रसोमांकडे वैद्यक शिकायला पाठवले. तो वैद्य होऊन कधी परततो, याकडे सगळे गाव डोळे लावून बसले होते.

आचार्यांचा हात हलका आणि जीभ तिखट. त्यांच्या पाठशाळेत शेवटचा धडा जिवंत शेळीवर होई. शिष्याने तिची छाती उघडून धडधडते हृदय दाखवायचे, तेव्हाच त्याला रोग्यांवर उपचार करण्याची अनुज्ञा मिळे. आचार्य निर्दय नव्हते, निदान त्यांना स्वतःला तसे वाटत नव्हते. सुरी लावण्याआधी शेळीच्या डोक्यावर पाणी शिंपडायचे. ती थरथरली की तिने होकार दिला असे मानायचे. होकार मिळाला की आचार्यांचे मन निर्धास्त. आजवर एकाही शेळीने नकार दिला नव्हता, आणि यात काही खटकण्यासारखे आहे हे त्या विद्वानाच्या कधी ध्यानात आले नव्हते.

पौषातल्या एका सकाळी सोमिलची पाळी आली. शेळी फळीवर आडवी केली होती. नंदिसेन नावाच्या थोरल्या शिष्याने तिचे पाय धरले होते. हे काम नेहमी त्याच्याकडेच असे. पाणी शिंपडले, शेळी थरथरली. आचार्यांनी सुरी पुढे केली. सोमिलने ती घेतली नाही.

"आचार्य, ती गारठली आहे. हा होकार नव्हे."

शिष्यांत चुळबुळ झाली. भर पाठशाळेत आचार्यांना असे कोणी बोलले नव्हते.

"असं?" ते म्हणाले. "मग तू बस इथे. तुझ्या डोक्यावर पाणी ओततो. हलला नाहीस, तर शेळी सोडून देईन. हललास, तर होकार तो होकार. मग सुरी तरी घ्यायची, नाहीतर अनुज्ञेवाचून गावी चालू लागायचं."

सोमिल खाली बसला. त्याने दात आवळले, मुठी वळल्या. आचार्यांनी घडा कलंडवला. पहिल्या धारेला तो निश्चल राहिला. पोर जिंकते की काय, असे आचार्यांना वाटून गेले. मग त्याचे खांदे हलले, आणि पाठोपाठ सगळे अंग लटलट कापू लागले.

"हललास," आचार्य म्हणाले.

"हललो. न हलण्यासाठी जेवढं करता येतं तेवढं केलं, तरी हललो. म्हणजे आपल्या नियमाने माझाही होकार झाला. आता तो नियम पाळा."

त्याने शेळीला खाली उतरवले आणि तो स्वतः फळीवर उताणा झाला.

हे पोर आपल्याला चारचौघांत खाली पाहायला लावते आहे, या विचाराने आचार्यांचे डोके भणभणले. जरा घाबरवावे, म्हणजे उठून पळेल, असे ठरवून त्यांनी सुरीचे टोक त्याच्या छातीवर टेकवले. सोमिल उठला नाही. त्याचे काळीज मात्र सुरीच्या मुठीत कळावे इतके जोरात उडत होते.

तेवढ्यात नंदिसेन पुढे झाला आणि त्याने सोमिलचे पाय धरले.

आचार्यांनी त्याच्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती नव्हती, काहीच नव्हते. सुरी टेकली की पाय धरायचे, एवढे त्याला शिकवले होते, आणि ते आचार्यांनीच शिकवले होते. त्यांनी सुरी दूर फेकून दिली.

"ऊठ बाबा," ते म्हणाले. "पण मग मी या मुलांना शिकवू कशावर?"

"आपल्या मरणाने मेलेल्या जनावरांवर. गुराख्यांना सांगून ठेवू. धडधड तर जिवंत छातीवर हात ठेवूनही कळते. त्यातूनही जे कळणार नाही, ते आम्हाला ठाऊक नाही, असं रोग्याला सांगू."

हे शेवटचे आचार्यांना फार जड गेले. तरी त्यांनी ते मान्य केले आणि सोमिलला अनुज्ञा दिली.

तथागतांनी जेतवनात ही कथा सांगितली, तेव्हा समोर एक भिक्षू बसला होता. श्रामणेरांना, म्हणजे नवशिक्या भिक्षूंना, आतडी दाखवायला एका वैद्याने जिवंत बेडूक चिरला होता, आणि "मी तो नुसता धरला होता, चिरला नाही," असे हा भिक्षू सगळ्यांना सांगत फिरत होता.

"त्या वेळचे आचार्य म्हणजे आताचा माझा शिष्य आनंद," तथागत म्हणाले. "सोमिल तो मीच. आणि पाय धरणारा नंदिसेन, भिक्षू, तो तू होतास. त्या दिवशी हात सोड म्हणून तुला कोणी सांगितलं नाही. आज मी सांगतो आहे. हात सोडणं, हीच करुणा."