सुळक्यावरचा राजा

एका राज्यात, जिथे पाखरे माणसांशी बोलत, रत्नध्वज नावाचा राजा होता. कालकेतू मांत्रिकाने त्याच्याकडे अर्धे राज्य मागितले. राजाने नकार दिला. मांत्रिकाने राजाला उचलून एका गुळगुळीत सुळक्याच्या माथ्यावर निजवले आणि राज्याचा मेळ मोडला. सरळ बांधलेल्या भिंती कलू लागल्या, शेतांचे बांध सरकू लागले, शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठला.

राजकन्या इंदुलेखा लहान होती. तिने राज्य सावरायला घेतले आणि सावरता सावरता तिचे केस पिकले. एकेक वीर सुळक्याकडे गेला, परतला कोणीच नाही. अखेर धाडायला कोणी उरले नाही, तेव्हा ती स्वतः निघाली.

पायथ्याशी एक साळुंकी बसली होती. भोवती शिळा झालेले वीर होते. साळुंकीने रीत सांगितली : तीन गणिते घालीन, एकेक पायरी मोठ्याने सोडवावी. पायरी खरी, तर हवेत चढण उगवेल; माथा गाठला की मांत्रिकाचा शाप फिटेल. नुसते उत्तर सांगेल तो शिळा होईल, मग उत्तर बरोबर का असेना.

पहिले गणित हत्तींचे. अर्धा कळप पाण्यात, तिसरा हिस्सा रानात, तीन हत्ती वाटेवर. तर कळप केवढा? इंदुलेखा म्हणाली, अर्धा आणि तिसरा हिस्सा मिळून सहातले पाच हिस्से. पायऱ्या उगवल्या. उरला सहावा हिस्सा, तो तीन हत्तींचा. आणखी उगवल्या. म्हणून कळप अठरांचा.

दुसरे गणित हौदाचे. एक झरा तो तीन प्रहरांत भरी, दुसरा सहा प्रहरांत. तर दोन्ही मिळून किती प्रहरांत? ती म्हणाली, एका प्रहरात पहिला तिसरा हिस्सा भरी, दुसरा सहावा; दोन्ही मिळून अर्धा हौद, म्हणजे दोन प्रहरांत पूर्ण.

साळुंकी म्हणाली, "पित्याचे वय कन्येच्या तिप्पट. बारा वर्षांनी दुप्पट होईल. कन्येचे वय सांग."

कन्येचा एक वाटा, पित्याचे तीन. बारा वर्षांनी पित्याचे तीन वाटे आणि बारा. कन्येची दुप्पट म्हणजे दोन वाटे आणि बारा, असे ती थकून बोलून गेली, आणि पायाखालची पायरी विरली. ती खालच्या पायरीवर आदळली आणि तशीच बसून राहिली. उठावेसे वाटेना.

"मागे जा," साळुंकी म्हणाली. "जिथवर खरे आहे, तिथवर पायरी आहे."

तिने पहिल्यापासून पुन्हा म्हटले. वाटा दुप्पट केला, पण कन्येची बारा वर्षे दुप्पट करायची राहिली होती. दोन वाटे आणि चोवीस. पित्याकडे एक वाटा जास्त, कन्येकडे बारा जास्त. म्हणून वाटा बारांचा. तातांना नेले, तेव्हा ती तेवढीच होती.

शेवटच्या पायऱ्या उगवल्या. तिने माथ्यावर पाऊल ठेवताच शाप फिटला. खाली भिंती सरळ झाल्या, बांध जागी बसले, शिळांना श्वास आला.

राजाने डोळे उघडले. तो जसा नेला तसाच तरुण होता. समोरच्या पिकल्या केसांच्या स्त्रीला त्याने नमस्कार केला.

"बाई, माझी मुलगी कुठे आहे?"

"मीच ती, तात. चढायला वेळ लागला."

राजाने आपले उत्तरीय अंथरले आणि लहानपणी निजवी तसे तिचे डोके मांडीवर घेतले. पायऱ्या उतरायची घाई दोघांनाही नव्हती.